चार रुपये महिना आणि चाळीस रुपयांचे पाणी

मराठीत ‘हौशी’ हा शब्द कौतुकाने वापरला जातो आणि ‘धंदेवाईक’ म्हणताना जीभ थोडी अडखळते. हौशी नट, हौशी गायक, हौशी खेळाडू म्हटले की ऐकणारा मान डोलावतो. त्याच कामाचे कोणी पैसे घेतले, की त्याच्याकडे बघण्याची नजर बदलते. मी स्वतः महाडच्या बाजारात वह्या-पेनांचे दुकान चालवतो आणि उरलेल्या वेळात जुनी कागदपत्रे चाळतो, म्हणून मला ‘हौशी संशोधक’ म्हणतात. दुकान आहे म्हणून हौस परवडते, हे मला पक्के ठाऊक आहे. ज्याच्याकडे दुकान नाही, जमीन नाही, पगार नाही, त्याने हौस कशाच्या जोरावर करायची? खेळाच्या इतिहासात हा प्रश्न सर्वांत उघडपणे विचारला गेला तो इंग्लंडच्या उत्तर भागात, १८९५ साली.

रग्बी हा लांबट चेंडू काखेत मारून धावण्याचा, आडव्या येणाऱ्याला अंगाने रोखण्याचा, कबड्डीच्या पकडीची आठवण करून देणारा दांडगा खेळ. तो सुरू झाला साहेबांच्या महागड्या शाळांत, पण यॉर्कशायर-लँकेशायरच्या गिरणी कामगारांनी आणि खाणमजुरांनी तो आपलासा केला. सामना शनिवारी. शनिवारी अर्धा दिवस कामावर जावे लागे. सामन्यासाठी खाडा केला की मजुरी बुडे. बुडालेली मजुरी क्लबाने भरून द्यावी, एवढीच या खेळाडूंची मागणी होती. लंडनच्या रग्बी युनियनने ती धुडकावली. पैसे घेतले की खेळ बाटतो, असे त्यांचे म्हणणे. शेवटी २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड गावच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या वीसेक क्लबांनी बैठक घेतली आणि वेगळी चूल मांडली. बुडालेल्या दिवसाला सहा शिलिंगांपर्यंत भरपाई द्यायची असे ठरले. १८९८ साली उघड मोबदल्याला मान्यता मिळाली, पण तीही अटीवर : खेळाडूला खेळाखेरीज दुसरी रीतसर नोकरी असली पाहिजे. पुढे तेरा-तेरा खेळाडूंचा हा खेळ ‘रग्बी लीग’ या नावाने ओळखला जाऊ लागला. धंदेवाईक खेळाडूची कारकीर्द कशी असते हे समजून घ्यायचे तर या बैठकीपासून सुरुवात करावी लागते.

हा तपशील वाचताना माझे लक्ष १८९५ या आकड्यावर थांबले. त्याच सुमारास पुण्यात एक तरुण महिना चार रुपयांवर साहेबांना चेंडू टाकत होता. आणि त्याच १८९५ साली आमच्या महाडात, रावढळचे निवृत्त लष्करी गृहस्थ गोपाळबाबा वलंगकर यांची सरकारने तालुका लोकल बोर्डावर नेमणूक केली, तेव्हा एका अस्पृश्य सभासदाबरोबर बसावे लागणार म्हणून उच्चवर्णीय सभासदांनी गदारोळ केला. हडर्सफील्डला प्रश्न फक्त मजुरीचा होता. आपल्याकडे मजुरीचा प्रश्न सुटल्यावरही दुसरा एक प्रश्न शिल्लक राहत होता. तो किती काळ शिल्लक राहिला, हे त्या चार रुपयांच्या गोलंदाजाच्या कारकिर्दीवरून मोजता येते. त्याचे नाव पालवणकर बाळू.

चार रुपयांची नोकरी

बाळूंचा जन्म धारवाडचा, १८७५-७६च्या सुमाराचा. घराणे चर्मकार समाजातले, मूळ कोकणातले. पालवण या गावावरून आडनाव पडलेले. वडिलांची नोकरी लष्कराशी संबंधित, त्यामुळे बाळू आणि धाकटे भाऊ शिवराम यांचे बालपण पुण्याच्या छावणीच्या आसपास गेले. गोऱ्या अंमलदारांनी टाकून दिलेल्या चेंडू-बॅटींवर दोघे खेळ शिकले.

पहिली नोकरी पुण्यातल्या पारशी क्रिकेट क्लबात. खेळपट्टी झाडायची, रूळ फिरवायचा, कधीमधी सरावाला चेंडू टाकायचे. पगार महिना तीन रुपये. १८९२च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात आले आणि पगार चार रुपये झाला. काम तेच, वर सरावाची जाळी उभारायची आणि टेनिसच्या कोर्टाच्या रेषा आखायच्या. तिथे ट्रॉस नावाच्या एका साहेबाने त्यांना जाळीत गोलंदाजी करायला सांगितले. डाव्या हाताची संथ फिरकी, दिशेवर घट्ट ताबा. थोड्याच दिवसांत क्लबाचा सर्वांत चांगला फलंदाज, हॅम्पशायरकडून खेळणारा कॅप्टन ग्रेग, रोज इतरांच्या आधी तासभर येऊन बाळूंसमोर सराव करू लागला. आपल्याला बाद केले की ग्रेग दर वेळी आठ आणे देत असे, अशी गोष्ट सांगतात. ती खरी धरली तर महिन्यात आठ वेळा ग्रेगला बाद केले की पगार दुप्पट. गोष्टीत थोडे तिखटमीठ असेल, पण बाळूंचे शिक्षण कसे झाले ते तिच्यातून नेमके कळते. आठ आण्यांसाठी रोज नवी युक्ती शोधणारा हात वर्षानुवर्षे घडत होता.

या सगळ्या काळात पूना क्लबात बाळूंच्या हाती बॅट एकदाही दिली गेली नाही, ही नोंद मला त्या आठ आण्यांपेक्षा महत्त्वाची वाटते. त्या काळच्या इंग्लिश समजुतीप्रमाणे फलंदाजी हे सभ्य गृहस्थाचे काम आणि गोलंदाजी हे मजुराचे. इंग्लंडातही पगारी खेळाडूंचे मैदानात उतरण्याचे दार वेगळे असे. म्हणजे बाळूंवर दोन उतरंडींचा भार होता. एक साहेबाने विलायतेहून आणलेली, दुसरी इथलीच.

मातीचा पेला

पुण्यातल्या हिंदूंच्या संघाला साहेबांना हरवायचे होते आणि त्यासाठी लागणारा गोलंदाज साहेबांच्याच पगारावर होता. बाळूंना संघात घ्यावे की नाही यावर बरीच चर्चा झाली. अखेर जिंकण्याची इच्छा बलवत्तर ठरली आणि त्यांना घेतले गेले. मैदानावर सगळ्यांनी एकाच चेंडूला हात लावायचा. चहाच्या वेळी मात्र बाकीचे आत जात. बाळूंना चहा बाहेर, वापरून फेकून द्यायच्या मातीच्या पेल्यात. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या टेबलावर. तोंड धुवायला पाणी हवे असेल तर ते देणारा गडीही अस्पृश्य समाजातलाच.

चेंडूच्या कातड्याचा विटाळ होत नव्हता आणि पेल्याचा होत होता. या विसंगतीवर त्या काळातही बोट ठेवले गेले. साताऱ्याच्या युरोपियन जिमखान्याला हरवून संघ परतला तेव्हा झालेल्या सत्कारात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी, ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खायला-प्यायला काय हरकत, या अर्थाचे बोल सुनावले, अशी नोंद बाळूंच्या चरित्रात आहे. रामचंद्र गुहा यांनी २००२च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात हा सारा इतिहास बारकाईने मांडला आहे. पण त्याच्या किती तरी आधी, १९४८ साली, बाळूंचे धाकटे बंधू विठ्ठल यांचे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत आले होते. एका अस्पृश्य कुटुंबातल्या खेळाडूने मराठीत लिहिलेले आत्मचरित्र, आणि दलित आत्मकथनांच्या आपल्या याद्यांत त्याचे नाव क्वचितच आढळते.

रेल्वेचा पगार, हिंदूंचा गोलंदाज

१८९६च्या सुमारास प्लेगने पुणे हादरले. बाळू मुंबईला आले. तिथे परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात त्यांना घेण्यावरून पुन्हा तीच कुरबुर, आणि पुन्हा तोच शेवट. पोटापाण्यासाठी ते बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत लागले व रेल्वेच्या संघाकडूनही खेळू लागले. १८९८च्या हडर्सफील्डवाल्या अटीची इथे आठवण होते. खेळाडूला दुसरी नोकरी हवी, हा तिथे लेखी नियम होता. आपल्याकडे तो न लिहिताच चालू झाला. मालकाने नोकरी द्यायची, नोकराने मालकाच्या नावाने खेळायचे. पुढची शंभर वर्षे भारतातल्या बहुतेक खेळाडूंची पोटे रेल्वे, गिरण्या, बँका आणि पोलीस खात्याने अशीच भरली.

फेब्रुवारी १९०६मध्ये मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. हिंदूंच्या धावा २४२ आणि १६०, युरोपियनांच्या १९१ आणि १०२. हिंदू १०९ धावांनी जिंकले. दोन्ही डावांत मिळून बाळूंचे ८ बळी. शिवरामही संघात होते. वंगभंगाच्या चळवळीने तापलेला तो काळ, त्यामुळे या विजयाचा गाजावाजा मोठा झाला. राज्यकर्त्यांना हरवणाऱ्या संघाचा मुख्य आधार एक चर्मकार गोलंदाज होता, हे सुधारकी वृत्तपत्रांनी ठळकपणे सांगितले. मुंबईच्या जिमखान्यात तोवर बाळूंना बरोबरीने बसून जेवता येऊ लागले होते. पुण्याच्या मानाने ही मोठीच मजल.

१९११ साली पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. बाळू आणि शिवराम दोघेही त्यात होते. संघाची कामगिरी यथातथाच. प्रथम श्रेणीच्या १४ सामन्यांपैकी १० हरले, २ जिंकले. बाळूंनी मात्र दौऱ्यातल्या सर्व सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. वय पस्तिशीच्या आसपास, बोटांवर जवळपास वीस वर्षांच्या मजुरीचा ताण, आणि दौऱ्यात एका बाजूने सतत गोलंदाजी. प्रथम श्रेणीच्या कारकिर्दीचा त्यांचा हिशेब ३३ सामने आणि १७९ बळी, सरासरी १५.२१. पुढे हिंदूंच्या संघात बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल असे चौघे भाऊ एकत्र खेळले.

कर्णधारपद आणि तळे

एवढे सगळे झाले तरी एक गोष्ट बाळूंना कधीही मिळाली नाही : हिंदू संघाचे कर्णधारपद. इथे पैशाचा प्रश्न नव्हता. कर्णधार म्हणजे कोणाला कुठे उभे करायचे ते सांगणारा. ब्राह्मण खेळाडूने चर्मकाराचे सांगणे ऐकायचे, इथे गाडी अडत होती. १९२०च्या चौरंगी सामन्यांच्या वेळी कर्णधार एम. डी. पै आजारी पडले. नेतृत्व बाळूंकडे न जाता दि. ब. देवधरांकडे गेले आणि बाळूंना संघातूनही वगळले गेले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी निवेदन काढून संघातून अंग काढून घेतले. मानासाठी खेळ सोडण्याची ही घटना मला भारतीय खेळाडूंच्या पहिल्या संपांपैकी एक वाटते. हडर्सफील्डच्या मजुरांनी बुडालेल्या रोजासाठी संघटना फोडली. पालवणकर बंधूंनी बुडालेल्या मानासाठी संघ सोडला. अंतिम सामन्याआधी तडजोड झाली. पै परत आले, बाळू उपकर्णधार झाले, आणि पैंनी काही वेळ मैदानाबाहेर राहून बाळूंना नेतृत्व करू दिले. थोडा वेळ का होईना, पंचेचाळिशीकडे झुकलेल्या त्या माणसाने क्षेत्ररक्षण लावले.

पूर्ण न्याय पुढच्या भावाच्या वाट्याला आला. १९२३ साली विठ्ठल हिंदूंचे कर्णधार झाले. त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने युरोपियनांना हरवले आणि लोकांनी विठ्ठल यांना खांद्यावर घेऊन मिरवले. खांदे सवर्णांचे होते.

आता हे साल महाडच्या बाजूने पाहावे. १९२३च्या ऑगस्टमध्ये मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला : सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. १९२४च्या जानेवारीत महाड नगरपालिकेने त्याप्रमाणे चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले. काठावर जाण्याची सोय मात्र झाली नाही. म्हणून १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे, महाडचे सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखी माणसे तयारीत होती. परिषदेला आलेल्या हजारो लोकांना पिण्यासाठी सवर्णांकडून पाणी विकत घ्यावे लागले, चाळीस रुपयांचे.

हा आकडा वाचला तेव्हा मी नकळत भागाकार केला. चाळीस रुपये म्हणजे पूना क्लबातल्या बाळूंचा दहा महिन्यांचा पगार. दहा महिने खेळपट्टीवर रूळ फिरवून, साहेबांना चेंडू टाकून जे मिळत असे, ते तळ्याच्या गावात पाण्यासाठी मोजावे लागत होते. दोन्ही व्यवहारांमध्ये तीस-पस्तीस वर्षांचे अंतर आहे, रुपयाची किंमत उतरलेली आहे, हे मला कळते. पण दोन्हीकडचा व्यवहार एकाच जातीचा आहे. अस्पृश्याच्या पैशाचा विटाळ होत नाही, त्याच्या घामाचाही होत नाही. विटाळ होतो तो पाण्याला हात लागला की.

२० मार्चला बाबासाहेबांच्या मागे लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. देवळातही शिरणार अशी आवई उठवून परतणाऱ्यांना मारहाण झाली. मग १०८ घागरी पंचगव्य ओतून तळ्याची ‘शुद्धी’ झाली. पुण्यातला मातीचा पेला फोडून टाकता येत होता. तळे फोडता येत नव्हते, म्हणून घागरी.

एकाच मतदारसंघाचे दोन उमेदवार

बाबासाहेब आणि बाळू हे नाते पुढे अवघड वळणावर गेले. तरुण वयात बाबासाहेबांना बाळूंचा अभिमान होता; अस्पृश्य समाजाचा पहिला जाहीर नायक म्हणजे बाळू. १९३२मध्ये मात्र दोघांची मते फाटली. स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर बाळू संयुक्त मतदारसंघाच्या बाजूने उभे राहिले. पुणे कराराच्या कागदावर दोघांच्याही सह्या आहेत, पण त्या कागदापर्यंत दोघे वेगवेगळ्या वाटांनी आले होते. १९३७च्या फेब्रुवारीत मुंबईच्या भायखळा-परळ भागात काँग्रेसने बाबासाहेबांविरुद्ध बाळूंना उभे केले. निकाल : आंबेडकर १३,२४५, बाळू ११,२२५.

या लढतीकडे पाहून बाळूंना बोल लावणे सोपे आहे, आणि तो लावला जातोही. मला तसे करवत नाही. त्यांनी हिंदू संघात राहून एकेक पायरी मिळवली होती : आधी संघ, मग ताट, मग भावासाठी कर्णधारपद. आत राहून दार उघडते, हा त्यांच्या आयुष्याचा अनुभव होता. बाबासाहेबांचा अनुभव महाडचा होता. दार उघडल्याचा ठराव झाला, तरी आत पाऊल टाकणाऱ्याचे डोके फुटते. दोघेही आपापल्या अनुभवाशी प्रामाणिक होते. फरक इतकाच की पहिल्या वाटेने जायला दर डावात आठ बळी घेणारा हात लागतो. ज्याच्यापाशी तो हात नाही, त्याने तहानलेलेच राहायचे का? हा प्रश्न बाळूंच्या वाटेला सुटणारा नव्हता. पाणी पिण्यासाठी माणसाने गुणवान असावे लागू नये, एवढेच तर महाडात मागितले गेले होते.

त्या निवडणुकीनंतर महिन्याभराने, १७ मार्च १९३७ रोजी, मुंबई उच्च न्यायालयाने चवदार तळ्याच्या दाव्याचा अंतिम निकाल दिला. न्यायमूर्ती होते ब्रूमफील्ड, ज्यांनी १९२२ साली गांधीजींना शिक्षा सुनावली होती, आणि वाडिया. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची अनादी रूढी सवर्णांना सिद्ध करता आली नाही, असे ठरले. दहा वर्षांनी तळे कायद्याने सर्वांचे झाले. बाळू त्यानंतर अठरा वर्षे जगले. जुलै १९५५मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

आजची बोली

महाड-पोलादपूर भागात क्रिकेटही खेळतात, पण खरा जीव कबड्डीवर. सुगी उरकली की वाड्या-वाड्यांत मैदाने आखली जातात. मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या आमच्या आधीच्या पिढ्यांनी चाळीतही हाच खेळ नेला. इकडे एखाद्या मुलाबद्दल ‘खेळावर नोकरी लागली’ असे म्हणतात, आणि त्या तीन शब्दांत १८९८चा नियम आजही जिवंत आहे. २०१४च्या जुलैत प्रो कबड्डी सुरू झाली आणि नोकरीशिवायही खेळातून पोट भरू शकते, हे पहिल्यांदा दिसले. चंदगड तालुक्यातल्या सिद्धार्थ देसाईवर २०१९मध्ये १ कोटी ४५ लाखांची बोली लागली, तेव्हा आमच्या दुकानात वह्या घ्यायला येणाऱ्या पोरांच्या तोंडी आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

मला त्याचा आनंदच झाला. खेळाचे पैसे उघडपणे, मान वर करून घेता येतात, हे हडर्सफील्डच्या मजुरांना आणि पूना क्लबाच्या बाळूंना हवेच होते. मात्र बोलीचा आकडा ऐकला की मी त्या पोरांना एक प्रश्न विचारतो : तुमच्या गावच्या सामन्याला पाहुणे संघ येतात, तेव्हा सगळ्या खेळाडूंची जेवणाची पंगत एकच असते ना? बहुतेक जण हो म्हणतात आणि मला त्यांचे खरे वाटते. एखादा उत्तर देण्याआधी क्षणभर थांबतो. बाळूंची कारकीर्द लिहून काढायला मी बसलो, तो त्या थांबणाऱ्या मुलासाठी.